मेटर्निकला खुशाल नापास करा, पण आधी पेपर वाचा

विद्यापीठांच्या इतिहास अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात ३१ वर्षे ‘आधुनिक युरोप’ शिकवून मी निवृत्त झालो. शेवटच्या वर्षी कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या पेपर तपासणी केंद्रावर, बसलो होतो. मे महिना, हॉलभर कागदांचा वास, डोक्यावर कुरकुरणारा पंखा आणि समोर गठ्ठे. प्रश्न ओळखीचाच, नेपोलियननंतरच्या ऑस्ट्रियाच्या परराष्ट्रमंत्र्यावरचा: ‘मेटर्निकच्या प्रतिगामी धोरणाचे परीक्षण करा. गुण १०.’ सोबत आदर्श उत्तर, त्यात सहा मुद्दे. पन्नासेक पेपरांत तेच सहा मुद्दे त्याच क्रमाने, गाइडातल्या त्याच चुकीसकट वाचून डोळे मिटायला लागले होते, तेव्हा एका पेपराने जागे केले. त्या विद्यार्थ्याने (विद्यार्थिनीही असेल, पेपरावर नाव नसते) लिहिले होते: ‘मेटर्निक क्रांतीला घाबरत होता, कारण सोळाव्या वर्षी त्याने ती स्ट्रासबुर्गमध्ये डोळ्यांनी पाहिली होती. पण १८३० साली बेल्जियममध्ये क्रांती झाली तेव्हा बड्या राष्ट्रांनी ती चिरडली नाही. लंडनला बसून त्यांनी नवा देश आखून दिला. मग ही पद्धत एक होती की दोन?’

मी आठ गुण दिले. मॉडरेटरने चार केले. शेरा: मुद्दे आदर्श उत्तराशी जुळत नाहीत.

गेलेल्या चार गुणांसाठी हे पत्र नाही. पण तो प्रश्न माझ्या मागे लागला तो लागलाच. अभ्यासक्रमाची फेररचना पुन्हा तुमच्यासमोर येईल तेव्हा तो तुमच्याही मागे लागावा, म्हणून लिहितो आहे.

आपण १८१५ नंतरचा, म्हणजे नेपोलियनच्या पाडावानंतर व्हिएन्नाच्या परिषदेने आखलेला युरोप दोन कप्प्यांत शिकवतो. ‘मेटर्निक युग’ या प्रकरणात हेर, सेन्सॉर, दडपशाही. ‘युरोपची संयुक्त व्यवस्था’ या प्रकरणात परिषदांची स्थळे, साले आणि अपयशाची कारणे. पहिल्यात मेटर्निक खलनायक, दुसऱ्यात तोच यजमान. विद्यार्थी दोन्ही पाठ करतो. ही कामे त्याच माणसांनी, त्याच टेबलावर आणि कधीकधी त्याच महिन्यात केली होती, हे मात्र त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

सुरुवात शब्दापासून करतो. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ला आपण पुस्तकागणिक पुराणमतवादी, सनातनी, रूढिप्रिय, प्रतिगामी असे काहीही म्हणतो. मराठीत यातला प्रत्येक शब्द आपले जुने भांडण बरोबर घेऊन येतो. सनातनी म्हटले की संमतिवयाच्या वादातले पुणे डोळ्यांपुढे उभे राहते. मेटर्निकचा त्याच्याशी काय संबंध? तो ऱ्हाइनकाठचा सरदार, फ्रेंचमध्ये पत्रे लिहिणारा, शास्त्रांची आवड असलेला. घरची जहागीर १७९४ मध्ये फ्रेंच फौजांनी घेतली. त्याचा उजवा हात असलेल्या गेंट्झने बर्कचा फ्रेंच राज्यक्रांतीवरचा ग्रंथ जर्मनमध्ये आणला होता. ‘जुने ते सोने’ असे या मंडळींचे म्हणणे नव्हते. वीस-बावीस वर्षे युरोपात माणसे मरत होती. आता ज्याच्या हाती जे आहे ते तहाने बांधून टाका आणि हलवायचेच असेल तर सगळ्यांना विचारून हलवा, एवढे त्यांचे म्हणणे होते. आपल्या वर्तमानपत्री आणि कोर्टकचेरीच्या मराठीत याला नेमका शब्द आहे: ‘जैसे थे’. जमिनीच्या वादात ‘जैसे थे’चा हुकूम काय करतो हे आपल्या विद्यार्थ्यांना घरबसल्या माहीत असते. तो न्याय देत नाही, मारामारी थांबवतो, आणि ज्याचा ताबा असतो त्याच्या पथ्यावर पडतो. व्हिएन्नाचे वर्णन याहून बरे मला ३१ वर्षांत जमले नाही.

आपल्याकडे मेटर्निक आला तोही इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी याचा शत्रू म्हणून. १९०७ साली सावरकरांनी मॅझिनी मराठीत आणला, त्याची प्रस्तावना तरुणांनी डोक्यावर घेतली, सरकारने पुस्तक जप्त केले. ऑस्ट्रिया म्हणजे इंग्रज आणि इटली म्हणजे आपण, हे समीकरण तेव्हा बसले. त्या पिढीला त्याची गरज होती. आपण मात्र अजून त्याच चष्म्यातून पेपर काढतो.

आता ती गाइडातली चूक. पवित्र संघ आणि चतुःसंघ हे गाइडांत एकच होऊन बसले आहेत. पवित्र संघाचा करार २६ सप्टेंबर १८१५ चा. कल्पना झार अलेक्झांडरची. ऑर्थोडॉक्स झार, कॅथलिक सम्राट आणि प्रोटेस्टंट राजा यांनी ख्रिस्ती बंधुभावाने वागावे, प्रजेला लेकरांसारखे वागवावे, असा एकूण सूर. ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री कॅसलरे याने त्याला उदात्त गूढवाद आणि खुळचटपणा म्हटले. त्यात ना फौज, ना बैठक, ना मुदत. चतुःसंघाचा तह २० नोव्हेंबर १८१५ चा, म्हणजे दोन महिन्यांनंतरचा. ब्रिटन, ऑस्ट्रिया, प्रशिया, रशिया. त्याचे सहावे कलम म्हणते की, ठरावीक काळाने राजांनी स्वतः किंवा त्यांच्या मंत्र्यांनी भेटावे, सामायिक हितांचा विचार करावा आणि युरोपच्या शांततेला व भरभराटीला त्या वेळी जे योग्य वाटेल ते करावे. लढाई संपल्यावरही भेटत राहायचे, हे तहाच्या कलमात घालणे नवीन होते. परिषदा निघाल्या त्या या कलमातून. पण प्रश्न येतो तो पवित्र संघावर, कारण नाव लक्षात राहते.

दुसरे लाडके प्रकरण ‘न्याय्य वारसा’. क्रांतीपूर्वीचे राजे परत गादीवर बसवले, असे आपण एका वाक्यात सांगून मोकळे होतो. मग व्हेनिस आणि जिनोआ ही शतकानुशतकांची प्रजासत्ताके कुठे गेली? व्हेनिस ऑस्ट्रियाने घेतले, जिनोआ पिडमाँटच्या राजाला दिले. जर्मनीतली तीनशेच्या वर संस्थाने परत आली का? एकोणचाळीसच्या आसपास उरली. स्वीडनचा युवराज म्हणून नेपोलियनचाच एक सेनापती बेर्नादोत कायम राहिला, वर नॉर्वेही त्याच्या राजाला मिळाले. त्याचा वंश आजही स्टॉकहोमच्या गादीवर आहे. वारसा सांगायचा तो सोयीचा असेल तेव्हा. खरी देवाणघेवाण चालली ती माणसांच्या आकड्यांत. व्हिएन्नात एक सांख्यिकी समिती नेमली होती आणि ती मुलूख ‘आत्म्यां’त मोजत असे: अमुक जिल्ह्याचे इतके आत्मे प्रशियाला, तमुक जिल्ह्याचे इतके परत. त्या आत्म्यांना विचारायची कल्पना कोणाला सुचली नाही.

भांडणेही साधी नव्हती. पोलंड रशियाला आणि सगळी सॅक्सनी प्रशियाला जाणार असे दिसताच ३ जानेवारी १८१५ ला ब्रिटन आणि ऑस्ट्रियाने चक्क पराभूत फ्रान्सला जोडीला घेऊन गुप्त तह केला. नऊ महिन्यांपूर्वी ज्यांनी मिळून पॅरिस घेतले होते, ते एकमेकांवर तोफा रोखायला निघाले. महिन्याभरात तडजोड झाली. प्रशियाला सॅक्सनीची सुमारे दोन पंचमांश माणसे असलेला तुकडा मिळाला आणि प्रकरण मिटले. हे सारे चालू असताना व्हिएन्नाचे गुप्त पोलीस पाहुण्यांच्या मोलकरणींकडून कचऱ्याच्या टोपल्या आणि शेगडीतले अर्धवट जळलेले कागद गोळा करवत होते. टपाल फोडायचे, नकलून घ्यायचे, पुन्हा मोहोर लावून पाठवायचे. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरचेही वही उघडतात.

मला विचाराल तर या सगळ्या काळातली शिकवण्यासारखी गोष्ट म्हणजे १८१५ ते १८१८ ही तीन वर्षे. आपल्या पाठ्यक्रमात त्यांना अर्धी ओळ आहे. वॉटर्लूनंतर फ्रान्सला मोडून टाकावे, अल्सास-लॉरेन काढून घ्यावे असा प्रशियाचा आग्रह होता. कॅसलरे, वेलिंग्टन आणि झार यांनी तो मान्य केला नाही. फ्रान्सची सीमा १७९० वर आणली, ७० कोटी फ्रँक दंड बसवला आणि दीड लाख फौज जास्तीत जास्त पाच वर्षे फ्रान्समध्ये ठेवायची असे ठरवले. फौजेचा सेनापती वेलिंग्टन. पॅरिसमध्ये चार मित्रराष्ट्रांच्या राजदूतांची नियमित बैठक भरायची. हप्ता आला का, राजा अति कडव्या राजनिष्ठांच्या नादी लागतो आहे का, फौजेचा खर्च किती, अशी कामे. भपका नाही, भाषणे नाहीत. १८१७ मध्ये ३० हजार फौज कमी केली. दंडाची रक्कम फ्रान्सने बेअरिंग आणि होप या पेढ्यांकडून कर्ज उभारून भागवायला घेतली. १८१८ च्या शरदात आखेनला, म्हणजे पुस्तकातल्या एक्स-ला-शापेलला, बैठक झाली. मुदतीच्या दोन वर्षे आधी फौज काढायचे ठरले आणि फ्रान्सला बड्यांच्या बैठकीत जागा दिली. कालच्या वैऱ्याला तीन वर्षांत पंगतीला बसवले. १८७१ मध्ये हे बिस्मार्कला जमले नाही, १९१९ मध्ये तर कोणालाच नाही. हे करणारे सगळे तुमच्या भाषेत प्रतिगामी होते, हे मुलांना सांगायला काय हरकत आहे?

आणि लगेच पुढचेही सांगायला हवे. त्याच आखेनला झारने सुचवले की, सगळ्यांनी मिळून प्रत्येकाच्या सीमेची आणि गादीचीही हमी द्यावी. कॅसलरेने नकार दिला. हा कॅसलरे उदारमतवादी होता म्हणून? छे. १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर मैदानावर मताधिकार मागणाऱ्या निःशस्त्र गर्दीवर घोडेस्वार घालणाऱ्यांची पाठराखण करणारे सरकार त्याचेच, आणि त्या वर्षअखेरचे सभाबंदीचे व वृत्तपत्रांवर कर बसवणारे सहा कायदेही त्याच सरकारचे. घरात दंडुका. पण १८२० मध्ये स्पेनमध्ये सैन्याने बंड करून राजाला राज्यघटना मान्य करायला लावली तेव्हा याच माणसाने ५ मेच्या टिपणात लिहिले की, हा संघ जगाचे सरकार चालवण्यासाठी किंवा इतर राज्यांच्या अंतर्गत कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी केलेला नव्हता. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला ट्रोपाऊच्या परिषदेत ऑस्ट्रिया, रशिया आणि प्रशियाने उलट लिहिले: बंडामुळे ज्या राज्याचे सरकार बदलेल ते संघातून बाहेर, आणि त्याच्यामुळे शेजाऱ्यांना धोका वाटला तर आधी समजुतीने, नाहीतर शस्त्राने त्याला जागेवर आणायचे. दोन कागद, सहा महिन्यांचे अंतर, दोन्ही बाजूंना कट्टर स्थितिवादी. ‘प्रतिगामी धोरणाचे परीक्षण करा’ या प्रश्नात हे भांडण मावतच नाही. कॅसलरेने १२ ऑगस्ट १८२२ ला स्वतःचा गळा चिरला. शवपेटी वेस्टमिन्स्टर अॅबेत नेताना लंडनच्या गर्दीने हुर्यो केली. त्याच्या टिपणाशी गर्दीला घेणेदेणे नव्हते, तिला दंडुका आठवत होता.

दडपशाही सौम्य करून सांगा असे मी म्हणत नाही. उलट आपण ती पुरेशी तपशिलात शिकवत नाही. नेपल्सचा म्हातारा राजा फर्डिनंड याने राज्यघटनेची शपथ घेतली, ती सांभाळीन असे सांगून लायबाखच्या परिषदेला गेला, तिथे पोचेपर्यंत शब्द फिरवला आणि मार्च १८२१ मध्ये ऑस्ट्रियाची फौज नेपल्समध्ये शिरली. त्या फौजेचा खर्च नेपल्सकडूनच वसूल केला. १८२३ मध्ये सुमारे एक लाख फ्रेंच सैनिक स्पेनमध्ये गेले, तेही इतर तीन राष्ट्रांची मूक किंवा उघड संमती घेऊन. वेलिंग्टनने आधी व्हेरोनाच्या परिषदेत विरोध नोंदवला, पण तो कागदावर राहिला.

जर्मनीत मार्च १८१९ मध्ये नाटककार कोत्सेबूचा एका विद्यार्थ्याने खून केला आणि सप्टेंबरपर्यंत कार्ल्सबादचे फर्मान संघराज्यभर लागू झाले. विद्यापीठावर सरकारी देखरेख, प्राध्यापकांना काढण्याची सोय, एकदा काढलेल्याला दुसऱ्या राज्यात नोकरी नाही, आणि ३२० पानांहून लहान प्रत्येक छापील मजकूर आधी सेन्सॉरकडे. जाड पुस्तकाने क्रांती होत नाही हे सेन्सॉरला पक्के ठाऊक होते. आपल्या संदर्भग्रंथांच्या यादीकडे पाहता तुम्हालाही ते ठाऊक असावे.

मॅझिनीचे सांगतो. १८४४ मध्ये तो लंडनला, स्वतंत्र ब्रिटनच्या आश्रयाला होता. आपली पत्रे कोणीतरी फोडते आहे असा संशय आल्यावर त्याने मित्रांना पाकिटांत खसखशीचे दाणे, केस, वाळूचे कण घालून पाठवायला सांगितले. पाकीट आले, मोहोर शाबूत, खसखस गायब. पार्लमेंटात गदारोळ झाला आणि गृहमंत्र्याच्या हुकमाने पत्रे उघडली जात होती, त्यांतली माहिती परराष्ट्राच्या कानावरही गेली होती, हे बाहेर आले. त्याच वर्षी जुलैत मॅझिनीशी पत्रव्यवहार असलेले बांदिएरा बंधू दक्षिण इटलीत कोसेन्झाला गोळ्या घालून मारले गेले. ट्रोपाऊच्या कागदावर सही न करणारा ब्रिटन तो हाच. सहकार्याला परिषदच लागते असे नाही. टपालखाते पुरते.

आता त्या विद्यार्थ्याच्या बेल्जियमकडे येतो. १८१५ मध्ये फ्रान्सला अडसर म्हणून बेल्जियम हॉलंडच्या राजाला जोडला होता. २५ ऑगस्ट १८३० ला ब्रुसेल्समध्ये नेपल्सच्या एका जुन्या बंडावरचा ऑपेरा संपला आणि लोक थिएटरातून निघून थेट दंगलीत शिरले. महिन्याभरात डच फौज शहराबाहेर. राजाने व्हिएन्नाचा तह दाखवून बड्यांची मदत मागितली, आणि तहाच्या शब्दाप्रमाणे त्याचे बरोबर होते. झार निकोलस फौज पाठवायला उत्सुक होता. फ्रान्समध्ये जुलैतच नवी क्रांती झालेली. रशियन फौज पश्चिमेला आली असती तर फ्रान्स स्वस्थ बसला नसता. नोव्हेंबरमध्ये लंडनला पाच राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. फ्रान्सकडून ७६ वर्षांचा तालेराँ, लवकरच ब्रिटनकडून पामर्स्टन. २० डिसेंबरला त्यांनी स्वातंत्र्य तत्त्वतः मानले, जानेवारीत सीमा आणि तटस्थता आखली, उन्हाळ्यात जर्मन राजपुत्र लिओपोल्ड गादीवर आला. याच गृहस्थाने वर्षभरापूर्वी ग्रीसचे सिंहासन नाकारले होते. हॉलंडने हल्ला केला, फ्रेंच फौज बेल्जियमच्या मदतीला शिरली, आणि मग तिला परत पाठवण्यासाठी लंडनला पुन्हा घासाघीस. अंतिम तह १९ एप्रिल १८३९ चा. त्यावर मेटर्निकच्या ऑस्ट्रियाची, प्रशियाची आणि झारच्या रशियाचीही सही आहे. १९१४ मध्ये जर्मन चॅन्सेलरने ‘कागदाचा चिटोरा’ म्हटले तो हाच.

पण झारची फौज आली का नाही, हे आपण सांगत नाही. २९ नोव्हेंबर १८३० च्या रात्री वॉर्सात लष्करी शाळेतली पोरे उठली आणि पोलंड पेटला. निकोलसची फौज तिकडे गुंतली. बेल्जियमचा देश व्हायला लागणारा वेळ पोलंडने मिळवून दिला. पोलंडला काय मिळाले? सप्टेंबर १८३१ मध्ये वॉर्सा पडले, १८१५ ची राज्यघटना रद्द झाली. ब्रिटन आणि फ्रान्सने खलिते पाठवले. प्रशिया आणि ऑस्ट्रियाने सीमेवर आलेल्या पोलिश सैनिकांची शस्त्रे काढून घेतली.

‘पद्धत एक होती की दोन?’ याचे माझे उत्तर: एकच. जिथे दोन-तीन बड्यांची हितसंबंधांची कुंपणे एकमेकांना लागत होती तिथे ते बसून बोलले, आणि त्यातून कधी कधी एखाद्या लहान जनतेचे कल्याणही झाले. जे एकाच बड्याचे अंगण होते, पोलंड रशियाचे, इटली ऑस्ट्रियाचे, तिथे सहकार्याचा अर्थ बाकीच्यांनी पाठ फिरवणे असा होता. शांतता खरी होती. १८१५ पासून क्रिमियाच्या युद्धापर्यंत बड्या पाचांत आपसात युद्ध झाले नाही. तिचे बिल पोलंड, इटली, स्पेनकडे पाठवले गेले हेही खरे. बेल्जियम आणि पोलंड हे दोन्ही पेपर एकाच हिवाळ्यात त्याच परीक्षकांनी तपासले.

शेवटचा भाग आपण बरा शिकवतो, म्हणून थोडक्यात. मार्च १८४८ मध्ये मेटर्निक पळाला तो लंडनला. १८४९ मध्ये झारने ऑस्ट्रियासाठी हंगेरी जिंकून दिली आणि मोबदल्यात काही मागितले नाही. पाच वर्षांनी क्रिमियात ऑस्ट्रियाने त्याच्यावर दबाव आणला. घराण्याघराण्यांतली ओळख तिथे तुटली आणि मोकळ्या मैदानात इटली आणि जर्मनी एक करणारे काव्हूर व बिस्मार्क शिरले. १८४७ मध्ये मेटर्निक इटलीला केवळ भौगोलिक संज्ञा म्हणाला होता. १८७६ मध्ये कागदाच्या समासात बिस्मार्कने लिहिले की, युरोपच्या नावाने जो बोलतो तो चुकतो. युरोप ही भौगोलिक कल्पना आहे. हे दोन शेरे शेजारी ठेवून वर्गात फक्त विचारा की, मधल्या तीस वर्षांत काय झाले. एक तास सहज निघतो.

राहिला आपला संबंध. तो ओढूनताणून आणावा लागत नाही, व्हिएन्नाच्या हजेरीपटातच आहे. फेब्रुवारी १८१५ मध्ये कॅसलरेच्या जागी ब्रिटनतर्फे व्हिएन्नात जो आला, तो वेलिंग्टन म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली. त्या डिसेंबरात नागपूरकरांशी देवगावचा तह त्यानेच केला. वसईचा तह झाला तेव्हा लंडनमध्ये हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष होता कॅसलरे, आणि १८०४ मध्ये याने मराठ्यांच्या भांडणात आपण कायमचे अडकू, अशी शंका कागदावर मांडली. तिला उत्तर लिहिणारा आर्थर वेलस्लीच. सतीबंदीसाठी आपण ज्याला ओळखतो तो बेंटिंक १८१४ मध्ये इटलीत होता. त्याने जिनोआला तिचे जुने प्रजासत्ताक परत देऊ असे जाहीर केले आणि वरिष्ठांनी त्याचा शब्द मोडला.

साल १८१८. जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन बिठूरला गेला, राज्य संपले. सप्टेंबरअखेर आखेनला परिषद भरली आणि हरलेल्या फ्रान्सला मुलुखासह, मानासह परत बोलावले. दोन्हीकडे ब्रिटनच, पिढी तीच, फौजा ठेवून राज्ये ताब्यात ठेवण्याची विद्याही ओळखीची. फ्रान्समधली फौज तीन वर्षांत निघाली; आपल्याकडची तैनाती फौज कधी निघाली ते तुम्हाला माहीत आहे. सत्तासंतुलनाचा नियम समुद्र ओलांडत नव्हता, आणि ही चूक किंवा विसर नव्हे. सागरी हक्कांचा विषय व्हिएन्नात चर्चेलाच येऊ द्यायचा नाही, अशी ब्रिटनची अट होती. हा प्रश्न जगात कुठल्या विद्यार्थ्यांनी विचारायचा, जालन्याच्या नाही तर?

मागण्या फार नाहीत. दोन प्रकरणांचे एक करा. नाव काहीही द्या, ‘जैसे थे’ दिलेत तर मला आनंद होईल. चार कागद मराठीत करून पुस्तकात छापा: चतुःसंघाचे सहावे कलम, कॅसलरेचे मे १८२० चे टिपण, ट्रोपाऊचा मसुदा आणि १८३९ चा लंडनचा तह. लागणारे उतारे दहा पानांत बसतात. भाषांतराला माणूस नसेल तर मी आहे, मानधन नको. परीक्षेत परिषदांची स्थळे विचारू नका. कागद द्या आणि त्यावर विचारा. आणि आदर्श उत्तराच्या खाली एक ओळ वाढवा: वेगळा पण पुराव्यानिशी मांडलेला युक्तिवाद असल्यास पूर्ण गुण द्यावेत. मॉडरेटरला ती ओळ दाखवता आली असती तर त्या दिवशी मी गप्प बसलो नसतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक

ता. क. आमच्या विभागाच्या कपाटात १८१५ च्या युरोपचा कापडी नकाशा गुंडाळून ठेवला होता. निवृत्तीच्या दिवशी उघडला तर वाळवीने नेमका पोलंड खाल्ला होता. रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया तिन्ही शाबूत. शिपायाने विचारले, सर, रद्दीत टाकू का? मी तो घरी आणला आहे. कोणाच्या विभागाला हवा असेल तर कळवावे, भोकासकट देईन.